गावचं कॉलेज सोडताना



आषाढ लागला की आपल्या मालवण किनाऱ्यावर दोन कामांची एकदम घाई उडते. एक भातलावणीची आणि दुसरी कॉलेजातल्या प्रवेशांची. मसुऱ्या-चिंदरच्या मळ्यांतून चिखलणी चाललेली असते, दर्या खवळलेला म्हणून देवबाग-तारकर्लीच्या होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या असतात, आणि अशाच एखाद्या रात्री जेवणाच्या पानावर मुलगा हळूच तोंड उघडतो : "बाबा, माका आता मुंबयच्या कॉलेजात जावचा आसा." बाप काही बोलत नाही. आई विचारते, "हयसर काय कमी आसा तुका?" मुलाजवळ उत्तर असतं, पण ते त्याला नीट मांडता येत नाही. मग दुसऱ्या दिवशी हे प्रकरण शिक्षकांकडे येतं.

आजचं माझं बोलणं आहे ते या सर्वांशी. जो मुलगा किंवा जी मुलगी आपल्या जवळच्या लहान कॉलेजात शिकते आहे आणि तिथून एखाद्या नामांकित, निवडून घेणाऱ्या ठिकाणी जाऊ पाहते आहे, तिच्याशी, तिच्या आईवडिलांशी, आणि "सर, तुम्हीच काय ते सांगा" असं ज्यांना म्हटलं जातं, त्या शिक्षकांशी.

आधी एक गोष्ट बाजूला काढून ठेवू या. ती म्हणजे अब्रू. चतुर्थीला मुंबईचा चाकरमानी घरी येतो, ओटीवर बसतो आणि विचारतो, "खंयच्या कॉलेजात?" नाव सांगितलं की तो नुसतं "हं" म्हणतो. त्या एका "हं"पायी गाव सोडायला निघालेली मुलं असतात. उलट, "आमच्या कॉलेजाला नाव ठेवून गेला" म्हणून रुसणारी माणसंही असतात. दोघांचंही चुकतंच. कॉलेज बदलणं हा मानापमानाचा प्रश्न केला की माणूस हिशेब करीत नाही, आणि या कामात हिशेबावाचून एक पाऊल टाकता येत नाही.

मोठ्या ठिकाणी जास्त काय मिळतं? ग्रंथालय मोठं असतं. प्रयोगशाळेत उपकरण काचेच्या कपाटात न राहता हातात येतं. शिकवणाऱ्यांपैकी काहीजण स्वतः संशोधन करीत असतात, त्यामुळे पुस्तकात यायच्या आधीची गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकायला मिळते. पण मला विचाराल, तर मोठ्या जागेचा खरा लाभ सोबत्यांचा. आपल्यापेक्षा हुशार पंचवीस-तीस मुलं एका वर्गात बसली, की आपण किती पाण्यात आहोत ते कळतं आणि पोहायची ईर्षाही येते. लहान कॉलेजात याच्या उलट एक सोय असते, जी सोडून गेल्यावरच आठवते. तिथे प्राध्यापक तुम्हाला नावानं ओळखतात. दोन दिवस आला नाहीत तर विचारतात. अडलेलं गणित घेऊन तुम्ही त्यांच्या घरी जाऊ शकता. शंभर-दीडशेंच्या वर्गात हे भाग्य सहसा लाभत नाही. तेव्हा काय सोडतो आहोत आणि काय मिळवतो आहोत, हे दोन्ही तराजूत टाकून पाहा.

या जाण्यायेण्याचं आपल्या मालवणचंच एक मोठं उदाहरण आहे. डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर. संस्कृतचे एवढे मोठे पंडित, पुण्याची भांडारकर संस्था त्यांच्या नावानं १९१७ साली निघाली. त्यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी आपल्या मालवणात झाला. वडील महसूल खात्यात कारकून. १८४७ साली कुटुंब रत्नागिरीला गेलं आणि त्यामुळे मुलाला तिथल्या शाळेत इंग्रजी शिक्षण मिळालं. ते पुरं करून १८५३ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. आपल्या कोकणातून मुंबईपर्यंत सलग गाडी धावायला त्यानंतर पंचेचाळीस अधिक शंभर वर्षं, म्हणजे १९९८ साल उजाडावं लागलं. यावरून त्या काळी सोळा वर्षांच्या मुलानं मुंबईला शिकायला जाणं म्हणजे काय असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

पुढे १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली, ती भांडारकरांनी दिली. आणि १८६२ साली विद्यापीठाचे पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत ते होते. किती जण होते हे पहिले पदवीधर? अवघे चार. भांडारकर, महादेव गोविंद रानडे, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. ज्याच्या वर्गात रानडे बसलेले असतील त्याला आळस कसा परवडणार! सोबत्यांचा लाभ मी म्हटलं, तो हा. आणि शिक्षकमंडळींनी आणखी एक ध्यानात घ्यावं. पदवी घेतल्यावर हेच भांडारकर १८६५ साली रत्नागिरीच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून परत आले होते. शाळेतल्या मुलांसाठी त्यांनी संस्कृतची जी दोन पुस्तकं लिहिली, ती पुढे कितीतरी पिढ्यांच्या हातांत होती. नंतर १८९३ साली ते ज्या विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांपैकी एक, त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आता तुम्ही म्हणाल, भांडारकरांचं निराळं होतं. त्या वेळी मालवणात कॉलेज होतं कुठे? त्यांना जाणं भागच होतं. खरं आहे. रत्नागिरीलासुद्धा कॉलेज निघायला १९४५ साल यावं लागलं. आज तसं नाही. १ मे १९८१ रोजी आपला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, आणि आता मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, वेंगुर्ले, वैभववाडी, सगळीकडे कॉलेजं आहेत. घरची भाकरी खाऊन पदवीधर होता येतं. म्हणून तर प्रश्न बदलला आहे. पूर्वी प्रश्न असे, जावं की न शिकताच राहावं. आता प्रश्न आहे तो, जायचंच तर केव्हा.

हा "केव्हा" फार महत्त्वाचा. शेतकरी बंधूंना तो समजावून सांगायला नको. तरवा किती दिवसांचा झाला की उपटून लावायचा, हे तुम्ही जाणता. एकवीस ते पंचवीस दिवसांचं रोप लावलं तर त्याला फुटवे चांगले येतात. जून झालेलं लावलं तर ते जगतं, पण फुटवे कमी. आणि घाईनं ओरबाडून काढलं तर मुळंच तुटून जागेवर राहतात. शिक्षणाच्या वाटेवरही असे काही सांधे आहेत. तिथे जागा बदलली तर मूळ दुखावत नाही. मध्येच कुठेतरी ओढून काढलं तर मात्र वर्ष वाया जाण्याची भीती असते.

बारावीनंतरचा सांधा सगळ्यांना ठाऊकच आहे, त्याबद्दल जास्त बोलत नाही. आपला विषय त्याच्या पुढचा आहे.

समजा, एक मुलगी मालवणच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे आणि तिला दुसऱ्या वर्षी मुंबईला जायचं आहे. आपल्या जिल्ह्यातली ही कॉलेजं मुंबई विद्यापीठाशीच जोडलेली आहेत. त्यामुळे एका विद्यापीठातल्या एका कॉलेजातून दुसऱ्यात जाण्याचा हा प्रकार झाला. कागद फारसे लागत नाहीत. जुन्या कॉलेजाचं ट्रान्सफरन्स सर्टिफिकेट, गुणपत्रिका आणि नव्या कॉलेजाची संमती, एवढ्यावर काम होऊ शकतं. पण मेख पुढे आहे. दुसऱ्या वर्षाला नवी जागा निर्माण होत नाही. कुणीतरी सोडून गेलेला असला तरच ती रिकामी असते. मोठ्या कॉलेजातून सोडून जाणारे किती असणार? शिवाय मुंबईतली पुष्कळशी नामांकित कॉलेजं आता स्वायत्त झाली आहेत. झेवियर्स कॉलेज २०१० सालापासून स्वायत्त आहे. स्वायत्त म्हणजे पदवी विद्यापीठाची, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजाची स्वतःची. तेव्हा मालवणला पहिल्या वर्षी जे विषय झाले ते तिथल्या पहिल्या वर्षाशी जुळतीलच असं नाही. न जुळलेला विषय पुन्हा करावा लागतो. आणि एखाद्या विषयात ए.टी.के.टी. राहिलेली असली, तर निवडून घेणारं कॉलेज बहुधा दारातूनच परत पाठवतं.

यावर हुशार विद्यार्थी मला म्हणतील, "सर, पण आता क्रेडिटची बँक झाली आहे ना?" झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ साली तिचे नियम केले, आणि मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत पदवीच्या वर्गांना नवं शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून लागू झालं. ही बँक म्हणजे काय, ते आईवडिलांसाठी सोपं करून सांगतो. मुलानं जो विषय पास केला त्याचे काही अंक, त्यांना क्रेडिट म्हणतात, ते त्याच्या नावावर जमा होतात. घरच्या कणगीत भात भरून ठेवावं तसे. ते जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. एका संस्थेत मिळवलेले दुसऱ्या संस्थेत नेता येतात. पण जी संस्था शेवटी पदवी देणार, तिच्यात निदान निम्मे क्रेडिट मिळवलेले असावे लागतात. म्हणजे पाच सत्रं एकीकडे काढून शेवटचं सत्र नामांकित ठिकाणी करायचं आणि पदवीवर त्यांचं नाव लावायचं, असं जमत नाही. नियम चांगला आहे. खातं प्रत्येकानं उघडावं आणि आपले क्रेडिट खरोखर जमा झालेत की नाही, हे दर सत्राला बघावं. मात्र आपल्या कणगीत भात आहे म्हणून दुसऱ्याच्या पंगतीत आपलं पान मांडलेलं असतंच, असं नाही. क्रेडिट नेता येतात, जागा नेता येत नाही. ती तिथे असावी लागते. आय.आय.टी.सारख्या ठिकाणी तर बी.टेक.च्या मध्ये बाहेरून कुणी येऊन बसावं, असा रिवाजच नाही.

आपल्याकडच्या मुलांना गोवाही जवळचा. बांद्याच्या पलीकडे गेलं की गोवाच. पण तिथे विद्यापीठ वेगळं आहे हे विसरू नका. १९८५ साली गोवा विद्यापीठ निघालं. त्यापूर्वी तिथली कॉलेजंही मुंबई विद्यापीठाचीच होती. तसंच घाटावरचं कोल्हापूर. तिथे १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आहे. या दोन्ही ठिकाणी जायचं तर आपल्या विद्यापीठाचं मायग्रेशन म्हणजे स्थलांतराचं प्रमाणपत्र काढावं लागतं आणि नव्या विद्यापीठाकडून पात्रतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. गोव्याला राज्यही बदलतं. महाराष्ट्रातली शिष्यवृत्ती आणि आरक्षण तिथे जसंच्या तसं चालेल असं गृहीत धरू नका, आधी विचारा.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण नुकसान होतं ते इथेच. जुन्या कॉलेजातून नाव काढण्याआधी नव्या ठिकाणची संमती लेखी घ्या. "या, बघू, होऊन जाईल" हे तोंडी शब्द हातात दाखला घेऊन गेल्यावर हवेत विरतात. खाडीत एका होडीतून दुसऱ्या होडीत जाताना आपण काय करतो? पलीकडे पाय टेकल्याशिवाय अलीकडचा पाय उचलीत नाही. आणि प्रवेश रद्द केल्यावर कुणी मूळ गुणपत्रिका किंवा दाखले अडकवून ठेवू लागलं, तर घाबरू नका. मूळ कागद तपासून परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत, असं अनुदान आयोगानं २०१८ सालीच संस्थांना बजावलं आहे. फी परत मिळण्याचेही नियम आहेत. ते दिवसांवर अवलंबून असतात, जितका उशीर तितकं कमी. म्हणून निर्णय घ्यायचा तर वेळेवर घ्यावा.

आता त्यापेक्षा सोपा असा एक सांधा. तो आहे तंत्रशिक्षणातला. मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा आणि मग इंजिनियरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षात जायचं, ही वाट राज्यात फार वर्षांपासून मळलेली आहे. प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर, राज्याच्या सामायिक प्रवेशफेरीतून होतो. मुंबईची व्ही.जे.टी.आय. काय किंवा पुण्याचं जुनं इंजिनियरिंग कॉलेज, जे २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झालं आहे, ते काय, अशा ठिकाणी लहान गावातला मुलगा या दारानं आत जाऊ शकतो. त्याला कुणी "मधूनच आलेला" म्हणत नाही, कारण ते दार त्याच्यासाठीच ठेवलेलं आहे. तंत्रनिकेतनात शिकणाऱ्यानं मात्र गुणांकडे शेवटपर्यंत लक्ष द्यावं. डिप्लोमा झाला म्हणजे नोकरी मिळालीच, अशा समजुतीनं शेवटचं वर्ष ढिलं सोडणारी मुलं मग या दारापाशी पोचून मागे राहतात.

आणि सर्वांत भक्कम सांधा पदवीनंतरचा. हे मी फार विचार करून सांगतो आहे. बी.ए., बी.एस्सी. आपल्या गावच्या कॉलेजात उत्तम रीतीनं करावं आणि एम.ए., एम.एस्सी.ला मोठ्या विद्यापीठात जावं. समजा, देवबागची एक मुलगी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते आहे. शेवटच्या वर्षाला असतानाच तिला जॅम नावाची परीक्षा देता येते. आय.आय.टी.तल्या एम.एस्सी.चा प्रवेश त्या परीक्षेवर होतो. सात विषयांत ती असते, त्यांत रसायन, भौतिक, गणित आहेत, भूशास्त्र आणि अर्थशास्त्रही आहे. परीक्षा फेब्रुवारीत होते, पण अर्ज त्याआधी पावसाळा सरतानाच भरायचे असतात. केंद्रीय विद्यापीठांतल्या एम.ए., एम.एस्सी.साठी २०२२ पासून निराळी सामायिक परीक्षा आहे. तिचे अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात. तारखा दर वर्षी थोड्या पुढेमागे होतात. दिल्ली, हैदराबाद ही नावं आपल्याकडे दूरची वाटतात, पण परीक्षेच्या कागदावर तुमच्या कॉलेजाचं नाव मोठं की लहान, हे कुणी विचारीत नाही. तिथे गणित सुटलं का, एवढंच पाहतात. आणि ज्यांना एवढं दूर जायचं नाही, त्यांना मुंबई विद्यापीठाचे कलिन्याचे विभाग आहेतच. विद्यापीठ तेच असल्यामुळे मायग्रेशनची दगदगही नाही.

नव्या धोरणात पदवीचं चौथं वर्षही आलं आहे. लहान कॉलेजात प्रत्येक विषयाचं चौथं वर्ष असेलच असं नाही. तेव्हा तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच आपल्या कॉलेजात काय आहे ते विचारून ठेवा. तिसऱ्या वर्षानंतर बाहेर पडून दोन वर्षांचं एम.एस्सी. करायचं, की चौथं वर्ष करून एक वर्षाचं, हा विचार गुणपत्रिका हातात आल्यावर करून उपयोग नाही.

आता पैशांचं बोलू. कारण खरी गाडी अडते ती तिथेच. मुंबईत फीपेक्षा राहणं महाग. कॉलेजाच्या वसतिगृहातल्या जागा आधी पहिल्या वर्षाच्या मुलांत भरतात. मध्येच आलेल्याला उरलं तर मिळतं. पूर्वी गिरगाव, लालबागला गावकीच्या खोल्या असत, आपल्या कितीतरी गावांच्या चाकरमान्यांनी त्यांत उमेदीची वर्षं काढली. काही ठिकाणी अजूनही सोय होते, पण गिरणीत पाळीवर जाणाऱ्या माणसाला झोपायला लागणारी जागा वेगळी आणि रात्री अकरापर्यंत दिवा लावून वाचणाऱ्या मुलाला लागणारी जागा वेगळी. नातेवाइकाच्या घरी ठेवायचं असेल, तर तीन वर्षं ठेवायचं आहे, हे दोन्ही बाजूंनी आधीच स्पष्ट बोलावं. नंतर कडवटपणा येतो तो न बोलल्यामुळे.

शिष्यवृत्तीचे अर्ज राज्याच्या महाडीबीटी या एकाच ठिकाणी भरले जातात आणि तुमचं कॉलेज ते तपासून पुढे पाठवतं. कॉलेज बदललं की ही तपासणी नव्या कॉलेजाकडे जाते. जुन्या ठिकाणचा अर्ज अर्धवट लटकलेला ठेवून निघू नका. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना, मुख्यतः व्यावसायिक शिक्षणासाठी, डॉक्टर पंजाबराव देशमुख यांच्या नावानं वसतिगृहाचा निर्वाहभत्ता आहे. त्याची चौकशी तलाठ्याच्या दाखल्यापासून सुरू होते, म्हणून ती मे महिन्यातच करावी.

इथे मुलींच्या आईवडिलांना वेगळं सांगायचं आहे. मुलगा "जातो" म्हणाला की घर कर्ज काढतं. मुलगी "जाते" म्हणाली की घर म्हणतं, "हयसरच शिक गो बाय, पदवी ती पदवीच." तिला गुण जास्त असले तरीही. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं निर्णय केला आहे, की ज्यांच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींची, सामायिक प्रवेशफेरीतून व्यावसायिक शिक्षणक्रमात गेल्यास, शिक्षणाची आणि परीक्षेची संपूर्ण फी माफ. म्हणजे तंत्रनिकेतनातून इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षात जाणारी मालवणची मुलगी यात बसू शकते. राहण्याचा खर्च उरतोच, ते खरं. पण "फी कुठून आणायची" हे कारण तरी तिच्यापुढे ठेवता येणार नाही.

पैसा मध्येच तुटला तर काय होतं, याचंही एक मोठं उदाहरण आपल्या कोकणच्या मातीतलं आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यातलं. १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली तिथे एम.ए. झाले आणि १९१६ साली लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयात दाखल झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. परतण्यापूर्वी त्यांनी काय केलं, ते नीट ऐका. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. मग इकडे नोकरी केली, पैसे साठवले आणि १९२० साली ते परत गेले. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. नुसता निश्चय तर होताच; पण त्या निश्चयाला कागदाचा आधार होता. आपल्या मुलांनीही खंड पडणार असं दिसलं तर निमूटपणे घरी येऊन बसू नये. कॉलेजाला अर्ज करावा, कारण सांगावं, परत केव्हा येता येईल ते लेखी घ्यावं.

याच गोष्टीत शिक्षकांसाठीही एक धागा आहे. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना आंबेडकरांविषयी शिफारसपत्र लिहिलं होतं. एका गुरूनं आपला विद्यार्थी दुसऱ्या गुरूच्या हाती दिला. आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे छापील नमुना. "हा विद्यार्थी आज्ञाधारक असून त्याची वर्तणूक चांगली आहे." दर वर्षी तेच वाक्य, फक्त नाव बदलतं. गुरुजनहो, निवड करणाऱ्याला यातून काही कळत नाही. त्याला कळायला हवं ते हे, की या मुलीनं कोणता प्रयोग स्वतः मांडला, कोणतं पुस्तक नेमलेलं नसताना वाचलं, इंग्रजी अडखळतं पण विचार सरळ आहे की नाही, घरी सकाळी मासे विकायला आईबरोबर बाजारात बसून मग ती कॉलेजात येते का. चार ओळी लिहा, पण त्या तिच्याच असाव्यात. आणि ज्या वर्षी मुलगा नव्या ठिकाणी जाणार असेल, त्या वर्षीचा आपल्याकडचा अभ्यासक्रम सही-शिक्क्यानिशी त्याच्याबरोबर द्या. समकक्षता ठरवताना पलीकडचे लोक पहिल्यांदा तोच मागतात, आणि तेवढ्यासाठी पोराला मुंबईहून पुन्हा मालवणची वारी घडते.

"जाऊ नको" असंही सांगावं लागतं, आणि ते धीटपणे सांगावं. ज्याला इथे पहिल्या वर्गाचे गुण मिळत नाहीत आणि कारण विचारलं तर तो कॉलेजाकडे बोट दाखवतो, त्याला कॉलेज बदलून फारसं काही मिळत नाही. उलट जो इथलं ग्रंथालय वाचून संपवत आला आहे, ज्याचे प्रश्न आपल्यालाच पुरे पडेनासे झाले आहेत, त्याला धरून ठेवू नये. आपल्या वर्गातला सगळ्यांत चांगला मुलगा गेला की शिकवण्याची गोडी जाते, हे मी समजू शकतो. तरीही जाऊ द्यावं.

राहता राहिली गोष्ट गेल्यानंतरच्या पहिल्या दोनतीन महिन्यांची. विद्यार्थी मित्रांनो, तिथे पहिल्या परीक्षेत गुण घसरतील. इथे पहिला येणारा तिथे विसावा येतो. ते घरी लपवू नका. आईवडिलांनीही लगेच "परत ये" म्हणू नका. वर्गात भराभर इंग्रजी चालतं, त्याची भीती वाटते. त्यावर उपाय एकच, की दुसऱ्या दिवशीचा धडा आदल्या रात्री वाचून जायचं, म्हणजे शब्द ओळखीचे होतात. तुमच्या बोलण्यातला मालवणी हेल ऐकून कुणी हसलं तर हसू द्या. परीक्षेत हेलाला गुण कापत नाहीत. प्रयोगशाळेच्या आणि ग्रंथालयाच्या माणसांशी पहिल्या आठवड्यातच ओळख करून घ्या, कुठली वस्तू कुठे असते ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि इथल्या एका तरी शिक्षकाला महिन्यातून एकदा चार ओळी लिहीत जा. अडलेला विषय त्यांना विचारायला लाजू नका, तुमची कच्ची बाजू त्यांना आधीपासून माहीत आहे.

आणि चतुर्थीचं सांगून ठेवतो. कोकणकन्या म्हणा, तुतारी म्हणा, गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण दोन महिने आधी उघडतं आणि बघता बघता भरतं. तेव्हा तिकीट काढायची घाई होणारच. पण पुष्कळ कॉलेजांच्या अंतर्गत चाचण्या त्याच सुमारास लागतात, आणि मुंबईच्या कॉलेजाला आपल्यासारखी सात-अकरा दिवसांची सुट्टी असेलच असं नाही. म्हणून आधी वेळापत्रक पाहा, तारीख घरी कळवा, आणि मग तिकीट काढा.